बेथेल कोणी वसवलं?

जालना म्हटलं की कोणाला बियाणं आठवतं, कोणाला स्टीलच्या सळया, कोणाला मोसंबी. जुनी माणसं अजूनही 'जालना सोने का पालना' म्हणतात. आमच्या नात्यातल्या लोकांना मात्र जालना म्हटलं की आठवतं ते मिशन. मिशनची शाळा, मिशनचं बोर्डिंग, मिशनचा दवाखाना, मिशनची विहीर. कोणाचं मिशन, कधीचं, कोणी काढलं, हे घरात कोणी विचारत नाही. बाहेरच्या माणसाने विचारलं तर "गोऱ्या साहेबांनी काढलं" एवढं सांगून आपणच मोकळे होतो.

हे उत्तर अर्धं खरं आहे. आणि या अर्ध्या उत्तरामुळे आपलं बरंच नुकसान झालंय असं माझं मत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी एक नेहमीचा घोळ निस्तरतो. ओळखीपाळखीचे लोक विचारतात, "तुम्ही कॅथलिक का बाप्टिस्ट?" बहुतेकांच्या लेखी ख्रिस्ती माणूस या दोनांपैकीच काहीतरी असतो. जालन्याची जुनी मंडळी यातली कुठलीच नाही, ती स्कॉटिश मिशनमधून आलेली, म्हणजे प्रेसबिटेरियन. (आमच्यात चर्चच्या सभासदांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात, तेव्हा या लेखात 'मंडळी' आलं की घरची मंडळी समजू नका.) प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहतात, आणि आईबाप विश्वासातले असतील तर तान्ह्या मुलाचाही बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्टांचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा ज्याचा त्याने जाणतेपणी, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून घ्यावा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडून. आमच्याकडे सोयरिकीच्या बोलण्यांत हा विषय निघाला की चहा गार होतो!

पण बाप्टिस्टांची दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. त्यांच्यात प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही, हुकूम सोडणारं कोणी नाही. मग शाळा, दवाखाना, पाळकांचं शिक्षण, दूरदेशी माणूस पाठवणं ही कामं कोण करणार? पन्नास-साठ घरांच्या मंडळीला ती झेपत नाहीत. म्हणून एका भागातल्या मंडळ्या एकत्र येऊन संघ करतात. संघ कोणाचा धनी नाही. एकट्याला न उचलणारं ओझं दहा जणांनी मिळून उचलायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे सावड करतात ना शेतात, तसलंच काहीसं.

असल्याच एका संघाचं आपल्या मराठीवर मोठं ऋण आहे. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशर नावाचा परगणा आहे. तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघात विल्यम केरी नावाचा एक पाळक होता, मूळचा चांभारकाम करणारा. त्याच्या पाठपुराव्यामुळे २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग या गावी एका घरात जेमतेम डझनभर लोक जमले, आणि त्यांनी मिशनरी संस्था काढली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या पैशावर केरी पुढल्या वर्षी बंगालात आला. श्रीरामपूरला (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं) छापखाना निघाला. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, १८११ साली मराठी नवा करार. 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' ही मराठी गद्याची सुरुवातीची छापील पुस्तकंही तिथूनच निघाली.

आता गंमत बघा. केरीने काही आयुष्यात महाराष्ट्र पाहिला नाही. मग मराठी आली कुठून? वैजनाथ पंडित नावाचे मराठी पंडित त्याच्या हाताशी होते. शब्द त्यांचे, म्हणी त्यांच्या, वाक्याचं वळण त्यांचं. पण ते व्याकरण जगात ओळखलं जातं केरीच्या नावाने. पुस्तकावर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याची मेहनत. हे ध्यानात ठेवा, पुढे जालन्यात पुन्हा हेच दिसणार आहे.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. १८२७ पासून तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, अंमलदार इंग्रज. ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. छावणी म्हटली की बाजार आला, गोरे अंमलदार आले, त्यांच्या प्रार्थनेसाठी चर्च आलं. पण गावात जाऊन धर्मोपदेश करायचा, शाळा काढायची, जमीन घ्यायची, तर निजामाच्या राज्यात इंग्रजी कायद्याचा आधार नाही. तिथे दरबाराची मर्जी लागायची.

अशा ठिकाणी १८६२-६३ च्या सुमारास काम सुरू करायला जो मनुष्य आला तो गोरा नव्हता. त्यांचं नाव नारायण शेषाद्री. मराठी ब्राह्मण.

शेषाद्री हे नाव आपल्यापैकी काहींनी वेगळ्या संदर्भात वाचलं असेल. बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात 'श्रीपत शेषाद्री प्रकरण' येतं, त्यातला श्रीपत हा या नारायणरावांचा धाकटा भाऊ. दोघे भाऊ मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत होते. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायणने बाप्तिस्मा घेतला. श्रीपत अजून अज्ञान होता, पण मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवलेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही? प्रायश्चित्त देऊन घ्यावं असं बाळशास्त्रींचं म्हणणं. सनातनी मंडळी खवळली. दोन तट पडले, बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. 'दर्पण'कार म्हणून ज्यांना आपण मानतो त्या माणसाला एका पोराला घरात परत घेण्यासाठी केवढा त्रास सोसावा लागला!

थोरल्या भावाला परतीची वाट नव्हती, आणि त्याला ती नकोही होती. त्याच १८४३ साली तिकडे स्कॉटलंडात चर्च फुटलं. मुंबईचे मिशनरी, त्यांत जॉन विल्सनही आले, नव्या फ्री चर्चबरोबर गेले. नारायणराव त्यांच्याच तालमीत तयार झाले आणि पाळक झाले. मुंबई-पुण्याकडे राहून शिकल्यासवरल्या लोकांशी वादविवाद करत त्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं. त्या काळच्या बहुतेक ब्राह्मण ख्रिस्ती विद्वानांनी तसंच केलं, आणि त्यात गैर काही नाही. पुस्तकं, नियतकालिकं, भाषांतरं यांत त्यांचं मोठं काम आहे.

नारायणराव जालन्याला आले आणि त्यांच्याभोवती जमले मांग आणि महार समाजातले लोक. हे वाक्य वाचायला सोपं आहे. पण ते घडलं तो काळ आठवा. १८५५ साली पुण्याच्या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. जमिनीवरून हुसकावल्याचं, सावलीचाही विटाळ मानल्याचं दुःख तिने त्यात मांडलं आहे. त्यानंतर सात-आठ वर्षांनी, इंग्रजी राज्यातही नव्हे तर निजामाच्या मुलखात, एक जन्माने ब्राह्मण माणूस याच लोकांमध्ये जाऊन राहतो, त्यांच्याबरोबर एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो. धर्म बाजूला ठेवून नुसतं समाजाचा इतिहास म्हणून पाहिलं तरी ही लहान गोष्ट नाही.

पण प्रश्न होता पोटाचा आणि राहण्याचा. बाप्तिस्मा घेतलेला माणूस गावात राहिला तर एकीकडे गावकीची कामं आणि वेठ सुटत नाही, दुसरीकडे बलुतं बंद होण्याची धास्ती. जातीतले दूर करतात, गावातले तर आधीच दूर. अशा लोकांना नुसता उपदेश करून काय उपयोग? त्यांना जमीन हवी आणि पाणी हवं.

इथे कथेत येतात सर सालारजंग, १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं हैदराबादचे दिवाण. त्यांच्याकडून नारायणरावांनी जालन्याजवळ शेकडो एकर जमीन मिळवली, तीही सुरुवातीच्या काळात साऱ्याच्या सवलतीने. तिथे नवीन गाव वसलं, त्याचं नाव बेथेल. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपतो, त्याला स्वप्न पडतं, आणि त्या जागेला तो हे नाव देतो. अर्थ, देवाचं घर.

आता हिशेब मांडून पाहा. जमीन मुसलमान दिवाणाने दिली, तीही मुसलमान राजाच्या मुलखात. ती मागून घेणारा मराठी ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती पाळक. पैसा बराचसा स्कॉटलंडचा आणि अमेरिकेचा, पण तो आणण्यासाठी झोळी घेऊन फिरले पुन्हा नारायणरावच. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिथे हे पागोटं घालून उभे राहिले. १८८० साली फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन परिषदेला पुन्हा गेले. आणि जमीन नांगरणारे, विहिरी खणणारे, दगड फोडून भिंती रचणारे हात मांग-महारांचे. "गोऱ्यांनी काढलं" या उत्तरात यातलं किती येतं?

नारायणराव १८९१ साली वारले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बेथेलच्या कहाणीत त्यांचं नाव येतं, सालारजंगांचं येतं, स्कॉटिश साहेबांची नावं येतात. पहिली विहीर ज्यांनी खणली त्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत. वैजनाथ पंडितांचं निदान नाव तरी उरलं, यांचं तेवढंही नाही.

पुढच्या काळात मिशनचा पसारा वाढत गेला. त्यात काय काय होतं हे आपण सगळे ऐकत आलो आहोत, तरी थोडक्यात सांगतो. प्रत्येक गावच्या मंडळीपाशी एक शाळा, तिचा मास्तर हाच रविवारी उपदेशक. मुलींचं आणि मुलांचं वेगवेगळं बोर्डिंग. दुष्काळाच्या वर्षांत, १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, सगळ्या दख्खनभर मिशनांच्या बोर्डिंगांवर अनाथ मुलांची रीघ लागली. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबलबाया होत्या. आणि दवाखाना. जालन्याच्या मिशन हॉस्पिटलने शंभरी कधीच ओलांडली. मराठवाड्यात बाळंतपणासाठी बायका दवाखान्यात जायला तयार नव्हत्या त्या पिढीत तिथल्या नर्सबाई, म्हणजे आपल्याच आज्या-पणज्या, खेड्यापाड्यांत ठाऊक होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्यांच्या हातात गावची पोरं जन्माला आली! यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

या सगळ्या कामाला 'मिशनरी सेवा' म्हणतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक सेवा पगारी मराठी माणसांनी केली, आणि पगारही बेताचाच. अहवाल मात्र साहेबाने इंग्रजीत लिहून एडिंबरोला पाठवायचा. अहवालात साहेबाचं नाव वर आणि खाली एक ओळ, 'देशी मदतनीस अमुक इतके'. आपला इतिहास असा आकड्यात अडकून पडला.

मग देश स्वतंत्र झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडाही निजामातून सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. जालना जिल्हा तर १ मे १९८१ चा. परदेशी मिशनरी हळूहळू गेले, परदेशी पैसाही आटला. आता या शाळा, दवाखाने, बंगले, जमिनी सांभाळायच्या कोणी? इथे पुन्हा तोच नॉर्दॅम्प्टनशरचा प्रश्न उभा राहिला, एकट्या मंडळीला झेपत नाही.

उत्तर शोधलं गेलं ते एकीकरणाचं. १९२४ मध्येच प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' केलं होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चं एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, म्हणजे आपलं सी.एन.आय. त्यात अँग्लिकन आले, मेथडिस्टांचा एक गट आला, ब्रदरन आले, डिसायपल्स आले, आणि केरीच्या परंपरेतले उत्तर हिंदुस्थानातले बाप्टिस्टही आले. बाप्तिस्म्याचं भांडण कसं मिटवलं? तान्ह्या मुलाचा आणि जाणत्या माणसाचा, दोन्ही मान्य केले. ज्याला जे पटेल ते. शेकडो वर्षांचा वाद दोन्ही बाजूंनी चार पावलं मागे घेऊन सोडवला, याचं मला फार कौतुक वाटतं. (सगळे बाप्टिस्ट आले नाहीत. ईशान्येकडचे आणि तेलुगू मुलखातले बाहेरच राहिले. आपापल्या मंडळीचं स्वातंत्र्य त्यांना जपायचं होतं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.)

पण एकीकरणाची किंमतही आहे. बिशप आले, धर्मप्रांत आले, ट्रस्ट आले. जालन्याच्या मंडळीला आपल्याच आवारातल्या एखाद्या कामासाठी बाहेरगावच्या कचेरीकडे बघावं लागतं. मालमत्तेच्या तर देशभर कोर्टकचेऱ्या. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला, की नुसता विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, त्याला ट्रस्टच्या कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे एकी मनाने झाली तरी सातबारा वेगळंच बोलतो.

आणखी एक किंमत आहे, ती याहून जुनी आणि घराघरांत जाणवणारी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला मांग किंवा महार बाहेरच. बेथेलची जमीन नांगरणाऱ्याच्या नातवाला कागदावर सांगितलं गेलं की तुझ्यावरचा अन्याय बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेला. गाव मात्र तसं मानत नव्हतं. गावाला त्याची आळी ठाऊक होती. २०२२ साली केंद्र सरकारने यावर विचार करायला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. या बाबतीत कोणाचं काय मत असायचं ते असो. पण 'तुम्हाला परदेशातून सगळं मिळालं, आता सवलती कशाला' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा बेथेलचा वर मांडलेला हिशेब त्याच्यासमोर ठेवता आला पाहिजे. "गोऱ्यांनी काढलं" हे उत्तर आपणच देत राहिलो तर तो हिशेब मांडायचं तोंड आपल्याला उरत नाही. मघाशी नुकसान म्हणालो ते हेच.

मग करायचं काय? मोठा ग्रंथ लिहायची माझी ऐपत नाही. पण मंडळ्यांपाशी बाप्तिस्म्याची, लग्नांची, पुरलेल्यांची जुनी रजिस्टरं असतात. कुठे वाळवीने खाल्लेली, कुठे अजून बरी. त्यांत तारीख असते, आईबापांची नावं असतात, गाव असतं, पुष्कळदा धंदाही असतो. परदेशी अहवालांनी ज्यांना आकड्यात बसवलं ती माणसं इथे नावानिशी आहेत. नातेवाइकांना माझी विनंती, की जालना, अंबड, भोकरदन, परतूर, जिथे कुठे आपली जुनी मंडळी असेल तिथे पाळकसाहेबांना भेटून, त्यांच्या परवानगीने, या पानांचे फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्यांना विचारा, बोर्डिंगात कोण होतं, दवाखान्यात कोण नर्स होतं, विहीर कोणी बांधली. नावं लिहून घ्या, जमलं तर सालासकट.

मी सुरुवात माझ्या आजीच्या बाजूपासून करतो आहे. आतापर्यंत अकरा नावं मिळाली. त्यांतले दोघे गवंडी.